यूकेत शिकायला निघालात? फसवणुकीचा फोन येण्याआधी करून ठेवायच्या गोष्टी

“होम ऑफिसमधून बोलतोय. तुमच्या व्हिसाच्या अर्जात त्रुटी निघाली आहे. आज दंड भरला नाही तर उद्या तुम्हाला परत पाठवलं जाईल. फोन ठेवू नका, आणि हे कुणालाही सांगू नका.”

होम ऑफिस म्हणजे यूकेचं गृहखातं, व्हिसा तेच देतं. त्याच्या नावाने यूकेत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना असे फोन वर्षानुवर्षं येत आहेत. समोरच्याला तुमचं नाव ठाऊक असतं, कधी पासपोर्टचा नंबर, कधी कोर्ससुद्धा. घाम फुटतो तो दंडाच्या धमकीने, पण खात्यातून पैसे जातात ते शेवटच्या वाक्यामुळे. शेजारच्या खोलीतल्या मुलीला, विद्यापीठाच्या ऑफिसला किंवा घरी कुणालाही विचारलं असतं, तर प्रकरण पाच मिनिटांत मिटलं असतं. फसवणारा आधी तुम्हाला एकटं पाडतो, मग लुटतो.

म्हणून कॅम्पसवरची मदत, तिथले कार्यक्रम आणि फसवणुकीपासून बचाव हे मी तीन वेगळे विषय मानत नाही. ज्याला पहिल्या पंधरवड्यात विचारायला दोन माणसं मिळाली, त्याला लुटणं अवघड. खालचे घराचे नियम प्रामुख्याने इंग्लंडचे आहेत. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये भाडेकराराचे कायदे वेगळे आहेत.

१. विमानात बसण्याआधी

ऑफर लेटर आलं की पहिलं काम म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुप शोधणं. ‘सप्टेंबर इनटेक’, ‘महाराष्ट्र स्टुडंट्स अमुक शहर’ असे डझनभर ग्रुप असतात. उपयोगी असतात, जरूर जॉइन व्हा. एवढंच लक्षात ठेवा की त्या ग्रुपमध्ये कोण कोण आहे हे ॲडमिनलाही माहीत नसतं. पासपोर्टचा फोटो, कॅस नंबर (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो प्रवेशाचा क्रमांक), व्हिसाचं पत्र तिथे टाकू नका. ‘व्हिसा आला!’ म्हणून पत्राचा फोटो टाकणारे दर इनटेकला दिसतात. त्या फोनवाल्याला पासपोर्ट नंबर कळतो तो बरेचदा अशाच ठिकाणाहून.

याच ग्रुपमध्ये फी भरून देणारा माणूस भेटतो. हा प्रकार नीट समजून घ्या, कारण यात हुशार मुलंही अडकतात. तो सांगतो, “माझं इथलं कार्ड आहे, तुमची फी मी पौंडात भरतो, तुम्ही मला भारतात रुपयांत द्या, रेट चांगला लावतो, वर पाच टक्के सूट.” तो खरंच फी भरतो. विद्यापीठाच्या पोर्टलवर रक्कम जमा दिसते, पावती खरी असते. तुम्ही निश्चिंत होऊन त्याला पैसे देता. काही आठवड्यांनी कळतं की कार्ड चोरीचं होतं. मूळ कार्डधारकाने तक्रार केली, बँकेने व्यवहार उलटवला आणि विद्यापीठाच्या खात्यातून पैसे परत गेले. आता फी बाकी, तुमचे रुपये गेलेले, आणि चोरीच्या कार्डाने फी का भरली याचं उत्तरही तुम्हीच द्यायचं. पावती खरी असूनही फसवणूक होऊ शकते, हे यातलं अवघड दुखणं आहे.

फी भरण्याचा मार्ग एकच ठेवा. विद्यापीठाच्या वेबसाइटवर स्वतः लॉग इन करून तिथून पुढे जाणारा पर्याय, मग तो थेट बँकेचा असो की फ्लायवायर किंवा कॉन्व्हेरासारख्या कंपनीचा. पैसे तुमच्या, आईवडिलांच्या किंवा शैक्षणिक कर्जाच्या खात्यातूनच जावेत. ‘आमच्या बँकेचे तपशील बदलले आहेत’ असा ईमेल आला, तर वेबसाइटवरच्या नंबरवर फोन करून खात्री केल्याशिवाय एक पौंडही हलवू नका.

आणखी दोन किरकोळ कामं. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर विद्यार्थी म्हणून नोंदणी करा. अडचण आली तर दूतावासाला तुमची माहिती शोधत बसावं लागत नाही. दुसरं, आता व्हिसा कार्डावर नसून ऑनलाइन असतो, तेव्हा यूकेव्हीआय, म्हणजे यूकेच्या व्हिसा विभागाच्या, ऑनलाइन खात्याचा पासवर्ड आणि त्याला जोडलेला ईमेल व फोन नंबर तुमचाच हवा. बरेच एजंट खातं स्वतःच्या ईमेलवर उघडतात. निघण्याआधी ते बदलून घ्या, एजंटाला राग आला तरी चालेल.

२. पहिले पंधरा दिवस

फ्रेशर्स वीक, किंवा काही ठिकाणी वेलकम वीक, म्हणजे नुसत्या पार्ट्या अशी आपल्याकडे समजूत आहे. पार्ट्या असतात, जायचं तर जा. बनावट तिकिटं आणि रिस्टबँड विकणारे सोशल मीडियावर याच आठवड्यात सुळसुळतात, म्हणून तिकीट स्टुडंट्स युनियनच्या वेबसाइटवरून घ्या. पण त्या आठवड्यातल्या कंटाळवाण्या दिसणाऱ्या गोष्टी पुढे वर्षभर कामी येतात.

परदेशी विद्यार्थ्यांसाठी वेगळं स्वागतसत्र असतं. तिथे बसा, आणि व्हिसाविषयी सल्ला देणाऱ्या टीमचा चेहरा, खोली आणि ईमेल लिहून घ्या. यूकेत इमिग्रेशनचा सल्ला कुणीही देऊ शकत नाही, त्यासाठी कायद्याची मान्यता लागते. त्यावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचं नाव जानेवारी २०२५ पासून इमिग्रेशन ॲडव्हाइस अथॉरिटी असं झालं आहे. विद्यापीठातले सल्लागार हा सल्ला फुकट देतात. असं असताना व्हिसाच्या प्रश्नासाठी मुलं पुण्यातल्या कन्सल्टन्सीला फोन लावतात, हे मला कधी कळलेलं नाही.

स्टुडंट्स युनियनचा सल्ला विभाग वेगळा. तो विद्यापीठाचा भाग नसून विद्यार्थ्यांच्या बाजूने उभा राहतो. कॉपीचा आरोप, मार्कांविषयी अपील, घरमालकाशी भांडण अशा वेळी आधी इथे जा. भाड्याचा करार सही करण्याआधी वाचून द्यायची सोयही बऱ्याच युनियनमध्ये असते. पर्सनल ट्यूटर म्हणजे तुम्हाला नेमून दिलेले प्राध्यापक. पहिल्या महिन्यात त्यांना एकदा भेटून या, काम नसलं तरी. आपल्याकडे सरांना उगाच भेटायला जाणं बरं दिसत नाही. तिथे ते न भेटणं विचित्र दिसतं.

जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, त्याच आठवड्यात नाव नोंदवा. व्हिसाबरोबर वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार तुम्ही भरलेला असतो, नोंदणीला वेगळे पैसे लागत नाहीत. जिवावरचं नाही पण थांबता येत नाही अशा दुखण्याला १११ वर फोन, जिवावरचं असेल तर ९९९.

वेलबीइंगच्या, म्हणजे मानसिक आरोग्याची मदत देणाऱ्या, ऑफिसविषयी एक अफवा भारतीय मुलांमध्ये पक्की बसली आहे की तिथे गेलं की व्हिसावर नोंद होते. होत नाही. विद्यापीठाला होम ऑफिसला कळवावं लागतं ते तुम्ही सतत गैरहजर राहिलात किंवा कोर्स सोडला तर. मन लागत नाही म्हणून वर्गात जाणंच बंद केलं की व्हिसा धोक्यात येतो. बोलायला गेल्याने उलट तो वाचतो. आजारपण किंवा घरातलं दुःख यामुळे असाइनमेंट रखडली, तर मिटिगेटिंग सर्कमस्टन्सेसचा, म्हणजे अडचण सांगून सवलत मागण्याचा, अर्ज असतो, तो शक्यतो मुदत संपण्याआधी करायचा. बऱ्याच विद्यापीठांत विद्यार्थीच चालवतात ती नाइटलाइन रात्रभर ऐकायला असते. सॅमॅरिटन्स या मानसिक आधार देणाऱ्या संस्थेचा ११६ १२३ हा नंबर कुठूनही फुकट लागतो.

आता सोसायट्या, म्हणजे विद्यार्थ्यांची आवडीनिवडीची मंडळं. फ्रेशर्स फेअरमध्ये पिशवीभर पेन आणि पिझ्झाच्या मोहात वीस ठिकाणी ईमेल देऊन येतात मुलं. दोनच निवडा: एक आपल्या माणसांची, एक अजिबात आपली नसलेली. इंडियन सोसायटीत सीनियर भेटतील, कुठलं घर घेऊ नये हे तेच सांगतील. गिर्यारोहण, चर्चा, नाटक, काहीही दुसरं असेल तिथे स्थानिक मुलं भेटतील, आणि ‘हे पत्र खरं वाटतं का रे?’ असं विचारायला इथे वाढलेला माणूस हाताशी असणं फार सोयीचं. बऱ्याच वर्षी सप्टेंबरवाल्यांचे गणपती भारतातच होऊन जातात, त्यांना गरबा आणि दिवाळी मिळते. जानेवारी इनटेकवाल्यांचं स्वागत जरा कोरडं असतं, फेअर छोटी, थंडी मोठी. त्यांनी अधिक प्रयत्न करून माणसं शोधायला हवीत.

लंडनमध्ये असाल तर डॉलिस हिलला १९३२ पासूनचं महाराष्ट्र मंडळ आहे. किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घरही पाहून या. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये तिथे राहिले. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते विकत घेतलं.

३. घर

फसवणुकीत सर्वांत मोठी रक्कम बुडते ती बहुधा इथे. कारण साधं आहे: सप्टेंबरमध्ये खोल्या कमी, मुलं जास्त, आणि मुलं अजून सांगलीत किंवा नाशकात. न पाहिलेल्या घराला पैसे पाठवायची वेळ येते.

शक्य असेल तर पहिल्या वर्षी विद्यापीठाचं हॉस्टेल किंवा विद्यापीठाने सुचवलेली खासगी निवासव्यवस्था घ्या. महाग वाटते, पण वीज-पाणी-इंटरनेट बहुधा भाड्यातच असतं, तेव्हा हिशेब पूर्ण मांडा. नाहीच मिळाली तर पंधरा दिवसांची तात्पुरती सोय करून जा आणि घर डोळ्यांनी बघून ठरवा.

लांबूनच ठरवायचं असेल तर असं करा. जाहिरातीतले फोटो गूगलवर उलटे शोधा. तेच फोटो दुसऱ्या शहरातल्या घराला लावलेले निघतात. व्हिडिओ पाठवला तर तो पुरत नाही. थेट व्हिडिओ कॉलवर घराबाहेरचा रस्ता, दाराचा नंबर, मग आतली खोली सलग दाखवायला सांगा. मालक ‘सध्या परदेशात’ असेल, किल्ली कुरिअरने येणार असेल, किंवा एअरबीएनबीची म्हणून लिंक व्हॉट्सॲपवर येत असेल, तर तिथेच थांबा. इंग्लंड आणि वेल्समधल्या घराचा मालक कोण, हे लँड रजिस्ट्रीच्या सरकारी साइटवर थोडक्या पौंडांत कळतं.

कायदा तुमच्या बाजूने आहे, फक्त आकडे पाठ हवेत. इंग्लंडमध्ये खोली राखून ठेवायला एका आठवड्याच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही. साधारण विद्यार्थ्याच्या घराला डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नसावं. आणि ते ३० दिवसांत तीन मान्यताप्राप्त योजनांपैकी एकीत जमा व्हायला हवं: डिपॉझिट प्रोटेक्शन सर्व्हिस, मायडिपॉझिट्स किंवा टेनन्सी डिपॉझिट स्कीम. जमा झालं की नाही हे तुम्ही स्वतः त्या साइटवर तपासू शकता. मालक ‘मीच ठेवतो, काळजी करू नका’ म्हणाला तर काळजी करा.

यात एक नाजूक मुद्दा आहे. “अरे दादा, माझी रूम रिकामी होतेय, तू ये,” असं मराठीत लिहिणारा आपोआप विश्वासाचा वाटतो. बहुतेक वेळा तो खरंच चांगला मुलगा असतो. पण त्याला खोली पुढे द्यायचा अधिकार आहे का, हे मूळ मालकाच्या किंवा एजन्सीच्या ईमेलवरूनच कळतं. तो विचारण्यात अपमान नाही. खऱ्या माणसाला राग येत नाही, आणि रागावलाच तर तुम्हाला उत्तर मिळालं.

घरात सगळेच पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर कौन्सिल टॅक्स, म्हणजे घरावरचा स्थानिक कर, लागत नाही. विद्यापीठाकडून पत्र घेऊन कौन्सिलला द्या. ‘कौन्सिल टॅक्सचा परतावा मिळवा’ असा मेसेज आला तर, भरलाच नाही त्याचा परतावा कसला, हे मनाशी विचारा.

४. तो फोन आला तर

ठेवून द्या. निरोप न घेता, उत्तर न देता. उद्धटपणा वाटेल, वाटू दे.

स्क्रीनवर दिसलेला नंबर खरा निघाला तरी तो पुरावा नाही. होम ऑफिसचा, भारतीय उच्चायुक्तालयाचा, बँकेचा, कुणाचाही नंबर खोटा दाखवता येतो. ‘गूगल करून बघा, आमचाच नंबर आहे’ असं ते स्वतःच सांगतात. मग तुम्ही स्वतः संस्थेच्या साइटवरून नंबर शोधा आणि उलट फोन लावा. बँकेच्या नावाने आलेल्या फोनसाठी १५९ हा सोपा नंबर आहे. तो बहुतेक मोठ्या बँकांकडे सुरक्षितपणे जोडून देतो.

होम ऑफिस फोनवर दंड वसूल करत नाही. करखाते गिफ्ट कार्ड घेत नाही. भारतीय उच्चायुक्तालय तुमच्या पासपोर्टवरचा ‘गुन्हा’ मिटवायला क्रिप्टो मागत नाही. भारतात गाजलेली ‘डिजिटल अटक’ तिकडेही चालते: आधी कुरिअर कंपनीचा फोन, पार्सलमध्ये ड्रग्ज सापडल्याची बतावणी, मग व्हिडिओवर गणवेशातला अधिकारी आणि कॅमेरा बंद न करण्याची तंबी. अशी अटक ना भारतीय कायद्यात आहे ना ब्रिटिश.

माहिती देताना एक फरक ओळखा. शेअर कोड (तुमचा ऑनलाइन व्हिसा दुसऱ्याला तपासता यावा म्हणून काढायचा कोड) आणि जन्मतारीख घरमालक किंवा नोकरी देणारा कायदेशीरपणे मागतो, ती द्यावी लागते. यूकेव्हीआय खात्याचा पासवर्ड किंवा फोनवर आलेला ओटीपी कुणालाच लागत नाही. संशयास्पद एसएमएस ७७२६ वर पुढे पाठवला की मोबाइल कंपनीकडे तक्रार जाते.

५. पार्ट टाइम काम आणि सोपे पैसे

डिग्रीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, आणि स्वतंत्र धंदा नाही. कॅशवर जादा तास देणारा मालक तुमच्यावर उपकार करत नाही. पुढे पगार बुडवला तर तुम्ही तक्रार करणार नाही हे त्याला ठाऊक असतं. नॅशनल इन्शुरन्स नंबर सरकारी साइटवर फुकट मिळतो. तो काढून देतो म्हणून पैसे मागणारा, ट्रेनिंगची फी आगाऊ घेणारा, व्हिडिओ लाइक करायचे पैसे देणारा, तिघेही सोडा. कॅम्पसचं करिअर ऑफिस विद्यार्थ्यांच्या नोकऱ्यांची यादी ठेवतं. तिथून सुरुवात करा.

याहून घातक प्रकार असा: “तुझ्या खात्यात दोन हजार येतील, दोनशे ठेव, बाकी पुढे पाठव.” ते पैसे दुसऱ्या कुणाच्या तरी फसवणुकीचे असतात. याला मनी म्यूल म्हणतात आणि कमाल शिक्षा १४ वर्षं आहे. खटला झाला नाही तरी बँक खातं बंद करते, फसवणुकीच्या नोंदी ठेवणाऱ्या सिफास या संस्थेकडे सहा वर्षांपर्यंत नोंद राहते, आणि दुसरीकडे खातं उघडणं, मोबाइलचा करार घेणं मुश्कील होतं. कोर्स संपवून परतणाऱ्यांना ‘खातं विकतोस का?’ असंही विचारतात. निघताना खातं स्वतः बंद करा.

पैसे घेऊन असाइनमेंट लिहून देणाऱ्यांविषयी थोडक्यात. इंग्लंडमध्ये २०२२ च्या कायद्याने हा धंदाच गुन्हा ठरला. त्यांच्याकडे तुमचं नाव आणि विद्यापीठ असतं, आणि नंतर ‘विद्यापीठाला कळवू का?’ म्हणून हप्ते सुरू होतात.

शेवटच्या सत्रात स्पॉन्सरशिप विकणारे येतात. कामाच्या व्हिसासाठी कंपनीकडून लागणारं सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप काही हजार पौंडांत देतो म्हणतात. ते विकणं बेकायदा आहे. कोणत्या कंपनीकडे स्पॉन्सर परवाना आहे, त्याची यादी सरकारी साइटवर उघडी असते. पण यादीत नाव असणं पुरेसं नाही, नोकरी खरी हवी आणि तिच्यासाठी तुम्ही पैसे मोजायचे नसतात.

६. पैसे गेलेच तर

पहिला फोन बँकेला, त्याच मिनिटाला. लाज नंतर वाटू द्या. यूकेतल्या एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फसवून पैसे पाठवायला लावले असतील, तर ७ ऑक्टोबर २०२४ पासून बँकांनी ८५,००० पौंडांपर्यंत भरपाई द्यायची आहे. त्यातून बँक १०० पौंडांपर्यंत कापू शकते, आणि दावा १३ महिन्यांच्या आत करावा लागतो. तुम्ही डोळ्यांवर कातडं ओढून इशारे धुडकावले असं बँकेला वाटलं तर ती नकार देऊ शकते, म्हणून काय सांगितलं गेलं, कसं घाबरवलं गेलं, स्क्रीनशॉटसकट लिहून ठेवा. परदेशी पाठवलेल्या पैशांना ही सोय नाही.

मग फसवणुकीची तक्रार ०३०० १२३ २०४० वर. स्कॉटलंडमध्ये पोलिसांना १०१. भारतीय खात्यातून पैसे गेले असतील तर घरच्यांनी लगेच १९३० वर फोन करायचा, तास-दोन तासांतही रक्कम गोठवता येऊ शकते. त्यानंतर युनियनच्या सल्ला विभागात जा. भाड्याचे, खाण्याचे वांधे झाले असतील तर विद्यापीठाच्या हार्डशिप फंडाविषयी, म्हणजे अडचणीतल्या विद्यार्थ्यांच्या मदतनिधीविषयी, विचारा. परदेशी विद्यार्थ्यांना मिळतो की नाही हे विद्यापीठागणिक बदलतं. तुम्ही बळी आहात, तक्रार केल्याने व्हिसाला धक्का लागत नाही.

काही दिवसांनी ‘तुमचे बुडालेले पैसे काढून देतो’ म्हणणारा भेटेल. तो त्याच टोळीचा, किंवा त्यांच्याकडून तुमचा नंबर विकत घेतलेला.

७. हे आईबाबांना वाचायला द्या

फोन तुम्हालाही येईल. “तुमच्या मुलाला लंडन पोलिसांनी पकडलंय, जामिनाचे पैसे पाठवा.” मागे रडण्याचा आवाज असेल, आणि हल्ली तो तुमच्या मुलाच्या आवाजासारखाही करता येतो. तिथले पोलिस फोनवर जामिनाचे पैसे मागत नाहीत.

घरात एक खुणेचा शब्द ठरवा, जो व्हॉट्सॲपवर कधीही लिहायचा नाही. कुत्र्याचं नाव नको, ते इन्स्टाग्रामवर आहे. मुलाचा फोन लागला नाही तर पैसे पाठवण्याआधी कुणाला विचारायचं, ते निघण्यापूर्वी लिहून घ्या: दोन फ्लॅटमेट, हॉस्टेलचं रिसेप्शन, आणि विद्यापीठाच्या सिक्युरिटीचा नंबर, जो रात्रीही उचलला जातो. हे नंबर मुलाने पहिल्या आठवड्यात पाठवले नाहीत तर मागत राहा. आणि उन्हाळ्यात साडेचार, हिवाळ्यात साडेपाच तासांचा फरक आहे. तुमच्या सकाळी आठला तो झोपलेला असतो, फोन उचलला नाही म्हणजे पकडला गेला असं नाही.